गुडघा फिरला तेव्हा

रत्नागिरी,
शनिवार, ११ ऑगस्ट १९३४

चि. सदूस, आक्काचे आशीर्वाद.

बाबांचं बारावं झाल्यावर तू निघालास, तेव्हा दारात म्हणालास की मला पत्र पाठवत जाऊ नकोस. अडीच वर्षं मी ते पाळलं. आज मोडते, कारण तुझी बायको माझ्या घरी आहे आणि हे तुला तिसऱ्याच कोणाकडून कळावं हे बरं नव्हे.

मालन परवा आली. सोबत तिची आई सोनूबाई आहे. नाटे गावच्या त्यांच्या घरात यंदा ओल फार, चूल धड पेटत नाही, अशा जागी आठव्या महिन्यात राहू नये असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. बैलगाडीनं राजापूर आणि पुढे मोटारीनं इथे. लांज्याच्या अलीकडे पाणी पुलावर चढलं म्हणून एक दिवस वाटेत मुक्काम झाला. दमली आहे, पण बरी आहे. पायांवर थोडी सूज आहे, ती या दिवसांत असतेच. दवाखाना घरापासून जवळ, म्हणून डॉक्टरांना दाखवून ठेवलं, इतकंच.

तुझ्या लग्नाचं मला बोलावणं नव्हतं. त्यामुळे तिला मी परवा पहिल्यांदाच पाहिलं. मला भिऊन होती. दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासायला बसले, तर जवळ येऊन बसली आणि हळूहळू बोलायला लागली. तू गेल्या साली पुन्हा फुटबॉल खेळायला उतरलास, मुंबईच्या तुझ्या कारखान्याच्या टीमनं तुला परत हाफबॅकला घेतलं, पंचवीस तारखेच्या शनिवारी गोऱ्या पलटणीशी फायनल आहे, ते बूट घालून खेळतात आणि तुम्ही अनवाणी, हे सगळं मला तिच्याकडून कळलं. तारीख तिनं तीनदा सांगितली. गुडघा कसा आहे, असं मी विचारलं. म्हणाली, जिना उतरताना अजून कठडा धरतात.

काळजी करण्यासारखं काही नाही. तू खेळाकडे लक्ष दे. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

आक्का

•

रत्नागिरी,
गुरुवार, १६ ऑगस्ट १९३४

चि. सदूस आशीर्वाद.

मालन ठीक आहे. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आहे आणि मीठ बंद केलं आहे. उजेडानं तिचं डोकं दुखतं, म्हणून खिडकीला मी जुनं लुगडं बांधलं. कंटाळते. मी शाळेतून आले की तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते. तिला फक्त फुटबॉलची बातमी हवी असते. ती नसली तर म्हणते, आज पेपरात काही नाही.

आज मला दुसरंच काही लिहायचं आहे. तुला लांज्याकडचा रामा आठवतो का, हाडं बसवणारा? गुडघा मोडून आलास आणि तुला मोटारीतून उचलून ओटीवर आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. तुझा गुडघा दोन्ही हातांत धरून बराच वेळ डोळे मिटून बसला होता. मी निर्गुडीच्या पाल्याचं पातेलं घेऊन दारात उभी होते. त्यानं तुला विचारलं, “कोनी पाय घातलान?” तू म्हणालास, कोणी नाही. त्यानं विचारलं, “मग डोस्क्यात काय व्हता तुझ्या?” तू भिंतीकडे बघितलंस.

तो निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, तू हाडं बसव, डोक्याचं तुला काय करायचंय. त्याला राग आला नाही. हात पुशीत म्हणाला, “बाय, मन जाग्यावर नसला का पाय कुटंय पडतो. पाय मातीत ऱ्हातो, अंग फिरता, मदी गुडगा मरतो.”

तेव्हा मी हसले, पण ते डोक्यातून गेलं नाही. नंतर मी हायस्कुलाच्या मैदानावर खेळणाऱ्यांना, ज्यांचे गुडघे असे गेले होते त्यांना, एकेकाला गाठून विचारलं. लोकांना वाटलं, मास्तरीणबाईंना हे काय खूळ लागलं. पोलिसांतला धाकू हवालदार म्हणाला, बदलीचा हुकूम आला त्याच आठवड्यात गुडघा गेला, बायको बाळंतीण होती. ड्रिलमास्तर म्हणाले की त्या दिवशी सकाळी भावाशी वाटणीवरून भांडण झालं होतं. पोस्टातला विठू मात्र म्हणाला, “डोक्यात काही नव्हतं हो, मैदानात खड्डा होता.” तेव्हा हा काही नियम नव्हे. मी पाच जणांना विचारलं, त्यांतले चौघे आधी भिंतीकडे बघायचे.

परवा मालनसाठी डॉक्टर आले तेव्हा त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, मी असं कुठे वाचलेलं नाही, पण धास्तावलेला माणूस अंग ताठ धरतो आणि त्याला बाजूचं दिसत नाही. ताठ पाय वेळेवर वाकत नाही. मग भार येतो तो सांध्यावर.

म्हणून सांगते, त्या शनिवारी मैदानात उतरशील तेव्हा घरचं काही मनात आणू नकोस. इथे सगळं ठीक आहे.

आक्का

•

रत्नागिरी,
सोमवार, २० ऑगस्ट १९३४

चि. सदूस,

आधीची दोन्ही पत्रं खोटी होती. खरं आता लिहिते.

नाट्याहून मालनला ओलीमुळे आणलं नाही. तिचा चेहरा इतका सुजला होता की डोळे उघडत नव्हते, आणि डोळ्यांपुढे ठिणग्या उडतात असं ती सांगत होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पोटुशीच्या रक्तात कधी कधी असं विष होतं, आणि झटके आले तर दोन्ही जीवांना धोका. काल दुपारी झटका आला. ती माझ्याशी बोलत होती, मुलगा झाला तर नाव काय आणि मुलगी झाली तर काय. बोलता बोलता मान एकीकडे वळली आणि अंग लाकडासारखं झालं. मी फडकं गुंडाळलेला चमचा दातांत घातला. सोनूबाईंनी पाय धरले. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून दवाखान्यात नेलं. तिथे संध्याकाळी आणखी एक आला.

आज ती शुद्धीवर आहे. पोटातलं मूल हलतं आहे. डॉक्टरांना आणखी चार-पाच दिवस हवे आहेत, म्हणजे मुलात थोडी ताकद येईल. पुन्हा झटका आला तर मात्र थांबणार नाहीत, लगेच मोकळी करतील. मग कोण वाचेल ते आपल्याला सांगता येत नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, नवऱ्याला कळवलंत ना? मी हो म्हटलं.

ते हो म्हणून मी बाहेर आले आणि व्हरांड्यात बसले. या दहा दिवसांत मी तुझ्याशी खोटं बोलले, ‘तुला काही होत नाही’ म्हणून मालनशी बोलले, आता डॉक्टरांशीही.

तुला कळवू नये असं मालननंच मला सांगितलं होतं. आली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा हात धरून म्हणाली, “आक्का, त्यांस आत्ता माझ्या दुखण्याचं काही लिहू नका. माझा घोर डोक्यात घेऊन उतरले तर पाय नीट पडायचा नाही. हा गुडघा पुन्हा गेला तर त्यांना कामावर कोण ठेवील?” सोनूबाईंचंही तेच, की पुरुषमाणूस येऊन इथे करणार काय. मी लगेच कबूल झाले. कबूल होणं मला सोयीचं होतं. गेल्या वेळी माझ्या पत्रानं काय झालं, ते मला ठाऊक आहे.

तेही आज लिहून टाकते. तीन वर्षांपूर्वी मी तुला लिहिलं होतं, बाबांनी तुझं नाव टाकलंय, चेंडू हवा की घर हवं ते एकदाचं ठरव. बाबा तसं कधीच बोलले नव्हते. हे तुला त्यांच्याकडूनच कळलं आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. पण एक गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती. ते पत्र मी तारीख बघून टाकलं होतं. वाचनालयातल्या पेपरात तुमच्या सामन्याचा दिवस होता. बुधवारी टाकलं की शनिवारी सकाळी तुझ्या हातात पडेल, हा हिशेब मी केला होता. तू वाईट खेळावंस, तुला टीममधून काढावं आणि तू घरी यावंस, असं मला वाटत होतं. बाबांचे डोळे जात होते. समुद्रावर जन्म काढलेला माणूस परसात जाताना माझा खांदा धरायचा, आणि घरात मी एकटी. हे कारण झालं. त्यानं मी केलं ते बरोबर होत नाही. गुडघ्याचा विचार माझ्या मनात नव्हता, एवढं मात्र खरं. रामानं ओटीवर तुला विचारलं ना, तेव्हा उत्तर तुझ्याआधी मला कळलं होतं.

सकाळी मी तारघरात गेले होते. फॉर्म भरला. ‘मालन गंभीर, निघ.’ पुन्हा वाचला आणि फाडला. तेवढ्या शब्दांवर तू तिला मेलीच समजशील आणि मुंबईपासून इथवर तसाच येशील. पत्राला तीन दिवस लागतील, गुरुवारी मिळेल. हे तीन दिवस मी माझ्या जबाबदारीवर घालवते आहे. चुकत असेन तर तेही माझ्याकडे.

आता पुन्हा शनिवार आहे आणि पुन्हा माझं पत्र. लपवलं तर तुझा पाय कदाचित सांभाळला जाईल, आणि इथे काही झालं तर जन्मभर तू मला आणि स्वतःला माफ करणार नाहीस. सांगितलं तर मैदानात काय होईल, कोण जाणे. मी दहा दिवस हे तोलत बसले. पण बायको तुझी आहे आणि गुडघाही तुझा. मी तोलायचं कारण नाही. तू खेळलास तर मी एक शब्द बोलणार नाही. आलास तर घर उघडं आहे.

मालनला मी हे पत्र लिहिल्याचं सांगितलेलं नाही.

आक्का

•

आंबा, घाटमाथा,
शनिवार, २५ ऑगस्ट १९३४

ती. आक्कास, सदूचा नमस्कार.

पत्र गुरुवारी दुपारच्या सुटीत मिळालं. फाटकातच उभ्यानं वाचलं.

आधी मी कप्तानाकडे गेलो. तो आमचा गोलकीपर आणि कारखान्यात माझ्या वरचा फिटर. म्हटलं, मला शनिवारी सोडा. त्यानं खाली वाकून गुडघा बघितला आणि विचारलं, सूज कुठाय? मी म्हटलं, सूज नाही, घरी असं असं आहे. तो म्हणाला, “बायका रोज बाळंत होतात, फायनल रोज होत नाही.” वाईट माणूस नाही तो. सात वर्षांत आम्ही पहिल्यांदा फायनलला पोचलो होतो.

मग मी विचार केला, खेळून रात्रीची गाडी धरावी. संध्याकाळी सरावाला उतरलो. मैदान चिखलाचं. चेंडू डावीकडून आला, मी वळलो, आणि उजवा पाय कुठे टेकला तेच मला कळलं नाही. गुडघा आतल्या आत सरकला आणि पुन्हा जागेवर आला. कळ गेली डोक्यापर्यंत. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी तिथेच खाली बसलो आणि ठरवलं, की उतरायचं नाही. आक्का, हे मी फक्त मालनसाठी केलं असं समजू नको. भीतीही होती.

शुक्रवारी कचेरीत रजा मागितली. गुडघा मोडला होता तेव्हा यांनीच पाच महिने दिले होते. आता आठ दिवस मागितले, तर साहेब विचारतो, तुला झालंय काय? दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी तसाच निघालो. परत गेल्यावर काम असेल की नाही, माहीत नाही.

कोल्हापूरपर्यंत गाडी, पुढे मोटार. इथे आंब्याला आलो तर घाटात दरड आलेली. मोटारी बंद. डाकवाला पायी उतरतो, तो म्हणतो वाट निसरडी आहे, पण आहे. त्याच्याबरोबर हे पत्र पहाटे जाईल. मी उजाडल्यावर निघेन. त्याच्याइतकं भरभर मला जमायचं नाही. उतरणीला गुडघा विश्वासाचा नाही. एकेक पाऊल बघून टाकीन. आत्ता पाच वाजलेत. तिकडे खेळ सुरू झाला असेल.

तुझ्या पत्रात तू त्या वेळचं लिहिलंस. आता मी सांगतो, ते ऐक. तुझं ते पत्र मी खेळाआधी फोडलंच नव्हतं. सकाळी पाकीट हातात आलं आणि तुझं अक्षर दिसलं. आत काही चांगलं नसणार, हे मला ठाऊक होतं. तुझ्या पत्रात कधी चांगलं नसायचं, आक्का. पाकीट तसंच घडी करून बंडीत खोचलं आणि उतरलो. सबंध वेळ मी तेच धरून होतो, काय असेल, बाबा गेले असतील का, डोळे गेले असतील का. समोरच्या टीमचा एक गडी अंगावर आला, मी वळलो, पाय चिखलात तसाच राहिला. कोणी शिवलंसुद्धा नाही. कट् असा आवाज माझा मलाच ऐकू आला. पत्र मी दुसऱ्या दिवशी फोडलं, पाय बांधून झाल्यावर. वाचून उलट बरं वाटलं, की बाबा जिवंत आहेत.

हे तुला टोचायला लिहीत नाही. रामानं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, कारण डोक्यात काय होतं ते मलाच सांगता येत नव्हतं. काही नव्हतं, आणि सगळं होतं. या वेळी तू सगळं लिहिलंस, म्हणून मला चालता येतंय. गाडीत मी थोडा झोपलोसुद्धा.

एक मागणं आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत मी घाटाखाली साखरप्याला उतरेन. मालनचं जे काही झालं असेल, ते तिथल्या पोस्टात माझ्या नावानं कळव. बरं असो, वाईट असो. दारात आल्यावर तुमची तोंडं बघून ओळखायची पाळी माझ्यावर आणू नको.

सदू

•

रत्नागिरी,
रविवार, २६ ऑगस्ट १९३४

चि. सदू,

तुझं पत्र दुपारी मिळालं. तू मागितलंस तसं लिहिते.

मालन जगली आहे. शुक्रवारी दुपारी तिला तिसरा झटका आला आणि डॉक्टर थांबले नाहीत. काल सकाळी ती मोकळी झाली. मुलगी झाली. फार लहान होती, माझ्या दोन ओंजळींत मावली असती. रडली, पण मांजरीच्या पिलाएवढा आवाज. सोनूबाईंनी तिला मधाचं बोट लावलं, ते तिनं चोखलं. कापसात गुंडाळून मी तिला छातीशी धरून बसले होते. दोन-अडीच तास होती. मग श्वास लांब लांब पडत गेला आणि थांबला. संध्याकाळी शेजारच्या पुरुषांनी नेलं. तुझ्यासाठी थांबायला हवं होतं, पण तू कुठे आहेस हेच तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. जागा मी बघून ठेवली आहे. सुरंगीच्या झाडाजवळ आहे. तुला दाखवीन.

मालनला त्यानंतर झटका आलेला नाही. सूज उतरते आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन दिवस गेले की ते निश्चिंत होतील. मी अजून निश्चिंत नाही, म्हणून तूही होऊ नकोस.

सोनूबाई म्हणाल्या, मुलीचं लिहू नका. तो डोंगर उतरून दमलेला असेल, तिथे त्याच्याजवळ कोणी नसेल, घरी आल्यावर हात धरून सांगू. त्यांचं मला पटत होतं. तू एकटा तिथे हे वाचशील, या विचारानं मी दोनदा लेखणी खाली ठेवली. पण तू मागितलंस. तुझ्याबद्दल ठरवायचं काम मी फार केलं.

तू पत्र फोडलं नव्हतंस, हे वाचून मला हलकं वाटलं नाही. तीन वर्षं मी धरून चालले होते की माझ्या शब्दांनी तुझा गुडघा गेला. शब्दांची गरजच नव्हती. पाकिटावरचं माझं अक्षर पुरलं. मी लहानपणी तुला गिरवायला शिकवलं, ते हेच अक्षर. यापुढे मी काय लिहीन ते मला आज सांगता येत नाही. पण पावसाळ्यात माडाची किती झावळं पडली आणि शाळेत कोणत्या मुलीनं काय विचारलं, असलंही लिहीत जाईन. दर खेपेला काही घडायलाच हवं असं नाही.

हे लिहिता लिहिता संध्याकाळची डाकेची मोटार आली. ड्रायव्हर ओळखीचा आहे. मी वाटेवर जाऊन विचारलं. म्हणाला, मुंबईचा एक फिटर दुपारी घाट उतरून आला, पाय धड आहे, पोस्टाच्या ओट्यावर पाय लांब करून बसलाय. घाटात अडकलेले उतारू मोटारीत खच्चून भरलेले, त्यामुळे जागा देता आली नाही. उद्या सकाळी तोच ड्रायव्हर हे पत्र घेऊन वर येईल आणि परतताना तुला घेऊन येईल. पुढची जागा त्यानं तुझ्यासाठी धरली आहे. वाचून झालं की लगेच उठू नकोस. मोटार थांबेल, मी सांगितलं आहे.

मग मी दवाखान्यात गेले. मालन जागी होती. मुलीचं तिला सकाळीच सांगितलं होतं. तेव्हापासून ती रडलीही नव्हती, नुसती छताकडे बघत होती. मी म्हटलं, सदू साखरप्याला आलाय, उद्या दुपारी इथे असेल. तिनं विचारलं, “म्हणजे खेळले नाहीत?” मी म्हटलं, नाही. मग तिनं विचारलं, “मुलीचं त्यांना ठाऊक आहे?” मी म्हटलं, “पत्र लिहून आले. सगळं लिहिलंय.”

मला वाटलं, ती रागावेल. तिनं माझा हात ओढून गालाखाली घेतला आणि रडायला लागली. मोठ्यानं रडली. नर्स आत आली, मी तिला हातानंच थांबवलं. रडता रडताच तिला झोप लागली. हात सोडवला नाही मी, तिथेच बसून होते.

आक्का